पस्तिसांत एक : लष्करी वाहनांच्या प्रतिकृती आणि त्यांतील विज्ञान

दिवाळी जवळ आली की महाराष्ट्रातील मुले अंगणात मातीचे किल्ले बांधू लागतात. दगड-विटांचा डोंगर रचावा, त्यावर चिखलाचा गिलावा द्यावा, बुरूज व पायऱ्या कोराव्यात, हळीव पेरून रान उगवावे आणि शेवटी मातीचे मावळे मांडावेत, असा हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. या किल्ल्यांकडे बारकाईने पाहिल्यास एक मौज लक्षात येते. सिंहासनावरील महाराजांची मूर्ती महादरवाजाहून उंच असते, पहारेकरी बुरुजाच्या निम्म्याएवढा असतो आणि पायथ्याच्या विहिरीत एखादा मावळा मावणारही नाही. बालमनाला याचे काही वाटत नाही. परंतु ज्या दिवशी एखादा मुलगा किंवा मुलगी विचारते, “हा मावळा जर माणसाएवढा, तर मग दरवाजा किती उंच हवा ?”, त्या दिवशी खेळात गणिताचा प्रवेश होतो. प्रतिकृती बांधण्याचा छंद तेथूनच सुरू होतो, असे म्हणावयास हरकत नाही.

प्रस्तुत पुस्तिकेत या छंदाच्या एका शाखेचा, म्हणजे लष्करी वाहनांच्या लहान प्रतिकृतींचा, परिचय करून द्यावयाचा आहे. त्यासाठी जबलपूर हे नगर उदाहरणादाखल घेतले आहे. भारतीय सेनेच्या गाड्या व तोफा जेथे प्रत्यक्ष घडविल्या जातात, त्या नगरातील शाळकरी मुलांना या छंदाचा विषय दाराबाहेरच सापडतो.

जबलपूर आणि तेथील गाड्या

जबलपुरातील तोफगाडा कारखाना, म्हणजे गन कॅरेज फॅक्टरी, १९०४ साली स्थापन झाला. स्वातंत्र्यानंतर सेनेला स्वदेशी मालवाहू मोटारींची निकड भासू लागली. तेव्हा जर्मनीतील ‘मान’ या कंपनीशी करार करून याच कारखान्यात १९५९ साली ‘शक्तिमान’ ट्रकच्या उत्पादनास आरंभ झाला. पुढे वाहनांसाठी निराळा कारखाना हवा, म्हणून १९६९ साली जबलपूर वाहन कारखाना उभा राहिला. शक्तिमान, निस्सानचा एक टनी ट्रक आणि ‘जोंगा’ ही गाडी यांची नावे या नगराशी कायमची जोडली गेली आहेत. जोंगा ही मुळात जपानी निस्सान पेट्रोल गाडीची आवृत्ती होय, आणि तिचे नाव ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ या इंग्रजी शब्दांतील अक्षरे घेऊन बनविलेले आहे. डोंगरी रस्त्यांवर, वाळवंटात व हिमप्रदेशात या गाड्यांनी दशकानुदशके सेवा केली.

आज या गाड्यांचे उत्पादन बंद झाले आहे. शक्तिमान व जोंगा या दोहोंचेही उत्पादन विसाव्या शतकाच्या अखेरीस थांबले आणि त्यांची जागा नव्या बनावटीच्या ट्रकांनी घेतली. २०२१ च्या ऑक्टोबरात आयुधनिर्माणी मंडळाची पुनर्रचना होऊन वाहन कारखाना व तोफगाडा कारखाना हे नव्या सरकारी कंपन्यांकडे गेले. निवृत्त झालेली गाडी लिलावात जाते, सुटी होते आणि अखेर भट्टीत वितळते. हजारोंच्या संख्येने बनलेली वस्तूही अशा रीतीने दृष्टीआड होते. जो कामगार तीस वर्षे तिचा सांगाडा जोडीत होता, त्याच्या हातांना तिचे प्रत्येक वळण ठाऊक असते; परंतु ते ज्ञान कागदावर क्वचितच उतरते. अशा गाडीची मापे घेऊन काळजीपूर्वक केलेली प्रतिकृती हा एक प्रकारचा दस्तऐवजच होय. या छंदाला करमणुकीपलीकडचे मोल येते ते याच कारणाने.

प्रमाण म्हणजे काय ?

प्रतिकृतीचे प्रत्येक माप मूळ वस्तूच्या मापाशी एकाच गुणोत्तरात असले पाहिजे. या गुणोत्तरास प्रमाण म्हणतात. १ : ३५ या प्रमाणात मूळ वाहनाचे पस्तीस सेंटिमीटर प्रतिकृतीत एक सेंटिमीटर होतात. १ : ७२ या प्रमाणात सहा फूट उंचीचा माणूस बरोबर एक इंचाचा होतो; फूट-इंचांच्या जमान्यात हे प्रमाण लोकप्रिय झाले याचे रहस्य यातच आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, शत्रूची व मित्रांची विमाने ओळखण्याच्या शिक्षणासाठी अमेरिकेच्या नौदलाने तेथील शाळकरी मुलांकडून विमानांच्या लाखो प्रतिकृती करून घेण्याची योजना आखली, तीही याच प्रमाणात.

१ : ३५ या प्रमाणाची कुळकथा मात्र गमतीची आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी जपानमधील तामिया या कंपनीने जर्मन ‘पँथर’ रणगाड्याची प्लॅस्टिकची प्रतिकृती काढली. तिच्या पोटात विजेऱ्या व छोटी मोटर मावली पाहिजे, एवढ्याच विचाराने तिचा आकार ठरविण्यात आला होता. नंतर मोजून पाहता तो मूळ रणगाड्याच्या सुमारे पस्तिसाव्या हिश्श्याचा निघाला. पुढे याच मापात इतर वाहने व सैनिक निघू लागले, अन्य कंपन्यांनीही तेच प्रमाण उचलले, आणि एका विजेरीच्या सोयीने ठरलेला आकार जगभरच्या छंदिष्टांचा प्रमाणभूत आकार होऊन बसला.

हिंदुस्थानी रस्त्यांवर अनेक वर्षे दिसलेली जीप या प्रमाणात किती मोठी होईल ? तिच्या पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर ८० इंच, म्हणजे सुमारे २०३ सेंटिमीटर असे. ३५ ने भागता ते ५.८ सेंटिमीटर होते. म्हणजे संपूर्ण जीप आगपेटीच्या जोडीएवढ्या जागेत उभी राहील.

लांबी, क्षेत्रफळ आणि वजन

येथवर साधा भागाकार झाला. परंतु लांबी पस्तीस पटींनी घटली म्हणजे सर्वच गोष्टी पस्तीस पटींनी घटत नाहीत, हे नवशिक्याच्या सहसा ध्यानात येत नाही. क्षेत्रफळ ३५ च्या वर्गाने, म्हणजे १,२२५ पटींनी घटते. घनफळ ३५ च्या घनाने, म्हणजे ४२,८७५ पटींनी घटते. १९६५ व १९७१ च्या युद्धांत आपल्या सेनेने वापरलेल्या सेंच्युरियन रणगाड्याचे वजन सुमारे ५१ टन होते. तो त्याच पोलादाचा, त्याच बनावटीचा, १ : ३५ या प्रमाणात केल्यास त्याचे वजन अवघे सव्वा किलोच्या आसपास भरेल.

याचा परिणाम प्रतिकृतीच्या प्रत्येक भागावर होतो. रणगाडा ज्या साखळपट्ट्यांवर चालतो, त्यांतील पोलादी कड्यांच्या भाराने वरचा पट्टा दोन चाकांच्या मध्ये झोळीसारखा लोंबतो. प्रतिकृतीतील प्लॅस्टिकच्या पट्ट्याला असा भार नसतो. म्हणून तो ताठ राहतो आणि पाहणाऱ्याला काहीतरी चुकल्यासारखे वाटते. ही लोंब कुशल कारागीर दोऱ्याने किंवा जोडरसाने मुद्दाम आणतो. जमिनीवरचा दाब हे दुसरे उदाहरण. वजन घनाने घटते व टेकलेले क्षेत्रफळ वर्गाने, म्हणून प्रतिकृतीचा जमिनीवरील दाब मूळच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढाच राहतो. खरा रणगाडा मऊ मातीत रुततो व मागे खोल चाकोऱ्या सोडतो, तर प्रतिकृती त्याच मातीवर तरंगल्यासारखी बसते. देखावा खरा वाटावयाचा तर तिला हाताने दाबून मातीत बसवावी लागते.

काळालाही हाच नियम वेगळ्या रीतीने लागू पडतो. खरी जीप एक मीटर उंचीवरून पडल्यास तिला ०.४५ सेकंद लागेल. प्रतिकृती त्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढ्या उंचीवरून पडताना सुमारे ०.०७६ सेकंद घेते. उंची पस्तीस पटींनी घटली, परंतु वेळ तिच्या वर्गमुळाने, म्हणजे सहा पटींहून किंचित कमी, घटला. म्हणूनच चित्रपटात छोट्या गाड्यांचे अपघात दाखविताना कॅमेरा अधिक वेगाने चालवितात व चित्र सावकाश दाखवितात. एरवी ती गाडी खेळण्यासारखी टुणकन् उडालेली दिसते.

दोन उदाहरणे

जबलपूरच्या तोफगाडा कारखान्यात ‘धनुष’ ही १५५ मिलिमीटरची तोफ बनते. पहिल्या सहा धनुष तोफा ८ एप्रिल २०१९ रोजी सेनेच्या स्वाधीन करण्यात आल्या. स्वीडनच्या बोफोर्स तोफेच्या धर्तीवर तिचा विकास झालेला आहे. एखाद्या विद्यार्थ्याजवळ बोफोर्स तोफेची प्रतिकृती असली आणि तिच्यापासून धनुष करावयाची असली, तर पहिला प्रश्न नळीचा येतो. तोफेच्या नळीची लांबी तिच्या भोकाच्या व्यासाच्या पटीत सांगण्याचा प्रघात आहे. बोफोर्सची नळी ३९ पट, तर धनुषची ४५ पट लांब आहे. १५५ ला ३९ ने गुणिले तर ६,०४५ मिलिमीटर, आणि ४५ ने गुणिले तर ६,९७५ मिलिमीटर येतात. दोहोंतील अंतर ९३० मिलिमीटर. ३५ ने भागता उत्तर येते २६.६ मिलिमीटर. विद्यार्थ्याने जुन्या नळीऐवजी एवढी अधिक लांब नळी बसवावयाची. हे करताना तो आपोआपच विचारतो की, नळी वाढविण्याचे प्रयोजन काय असावे ? नळी लांब असली म्हणजे दारूच्या वायूंना गोळ्यास अधिक काळ ढकलता येते, गोळा अधिक वेगाने बाहेर पडतो व दूर जातो. धनुषचा पल्ला सुमारे ३८ किलोमीटर सांगितला जातो. टेबलावरील अडीच सेंटिमीटरच्या तुकड्यामागे एवढे पदार्थविज्ञान दडलेले आहे.

दुसरे उदाहरण अधिक साधे, परंतु अधिक हृद्य आहे. ग्रेनेडियर्स पलटणीचे केंद्र जबलपुरात आहे. या पलटणीतील हवालदार अब्दुल हमीद यांनी सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबातील खेमकरण भागात, असल उत्तरच्या लढाईत, जीपवर बसविलेल्या तोफेने पाकिस्तानी पॅटन रणगाडे निकामी केले. १० सप्टेंबर रोजी त्यांना वीरमरण आले आणि मरणोत्तर परमवीरचक्राने त्यांचा गौरव झाला. या जीपची प्रतिकृती अनेक जण करतात. ती करताना एक विलक्षण गोष्ट समोर येते. तिच्यावरील १०६ मिलिमीटरची तोफ सुमारे ३.४ मीटर लांब असते आणि जीप स्वतः साधारण ३.३ मीटर. म्हणजे प्रतिकृतीत तोफ ९.७ सेंटिमीटरची व गाडी ९.४ सेंटिमीटरची होते ! एवढी लांब तोफ उडविल्यावर हलकी जीप उलटत कशी नाही ? उत्तर तोफेच्या मागच्या टोकाला सापडते. तेथे झरोके असतात. दारूचे काही वायू त्यांतून मागे सुटतात आणि गोळ्याच्या पुढे जाण्याने होणारा प्रतिधक्का नाहीसा करतात. परंतु मागे सुटणाऱ्या या झोताने धूळ उडते व तोफेची जागा शत्रूला तत्काळ कळते. म्हणून प्रत्येक फैरीनंतर जागा बदलावी लागते. पंचेचाळीस टनांच्या आसपास वजन असलेल्या पॅटनसमोर, पोलादाचे एकही कवच नसलेल्या उघड्या गाडीत बसून हे करावयाचे, याचा अर्थ ती दोन वाहने एकाच प्रमाणात शेजारी ठेवली म्हणजे जसा कळतो, तसा वर्णन वाचून कळत नाही.

साहित्य आणि जोडणी

बाजारात मिळणारे संच बहुधा पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकचे असतात. तापवून पातळ केलेले प्लॅस्टिक पोलादी साच्यात दाबाने भरतात. थंड झाल्यावर भागांची जाळी बाहेर निघते. भाग जोडण्यास वापरतात तो द्रव नेहमीच्या डिंकासारखा नसतो. तो प्लॅस्टिकचे दोन्ही पृष्ठभाग विरघळवितो, त्यांचे लांब रेणू एकमेकांत गुंततात, आणि द्रव उडून गेल्यावर दोन भागांचा एकच भाग झालेला असतो. या द्रवाची वाफ श्वासावाटे घेणे अपायकारक आहे. म्हणून खिडकी उघडी ठेवूनच काम करावे व लहान मुलांनी मोठ्यांच्या देखरेखीखाली करावे. चटकन् चिकटणारा सायनोॲक्रिलेट गोंद हवेतील ओलाव्यामुळे घट्ट होतो, त्यामुळे जबलपूरच्या कोरड्या वैशाखात तो जरा रेंगाळतो व श्रावणात लवकर आवळतो.

महाग संच नसले तरी अडत नाही. आपल्या कारखान्यांतील जुन्या गाड्यांचे संच परदेशी दुकानांतून क्वचितच आढळतात. तेव्हा शक्तिमान किंवा जोंगा बहुधा हातानेच घडवावी लागते. पुठ्ठा, जाड कागद, आगकाड्या, तार, दोरा एवढ्या सामग्रीत पुष्कळ काम होते. फक्त प्रत्येक वस्तूकडे प्रमाणाच्या डोळ्यांनी पाहावयास शिकले पाहिजे. सायकलीच्या चाकाची दोन मिलिमीटरची तार म्हणजे सात सेंटिमीटर जाडीचा नळ. दोन मिलिमीटरची आगकाडी म्हणजे ट्रकच्या हौद्याखालची सात सेंटिमीटरची तुळई. वहीचा कागद मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा जाड, म्हणजे साडेतीन मिलिमीटरचा पत्रा. पातळ केलेल्या गोंदात भिजविलेला तलम कागद वाळला म्हणजे ताडपत्री होते. याउलट, साच्यातून निघालेली एक मिलिमीटर जाडीची प्लॅस्टिकची कड म्हणजे पस्तीस मिलिमीटरचे पोलाद ! चिखलरोधकाला अशी कड असल्यास ट्रक चिलखती गाडीसारखा दिसू लागतो. म्हणून ती कड कानशीने आतून घासून पातळ करतात.

हत्यारे थोडीच लागतात : धारदार चाकू, बारीक कानस, पॉलिश कागद, चिमटा, पट्टी, आणि शक्य तर मिलिमीटरचा दहावा हिस्सा मोजणारे व्हर्नियर कॅलिपर. चाकू नेहमी अंगापासून दूर चालवावा.

किती बारकावा पुरे ?

नवा छंदिष्ट प्रत्येक खिळा व प्रत्येक आटा दाखवू पाहतो आणि थकून काम सोडून देतो. त्याला मानवी दृष्टीची मर्यादा साहाय्य करते. आपण प्रतिकृती साधारण ३५ सेंटिमीटर अंतरावरून पाहतो. १ : ३५ या प्रमाणात हे खरे वाहन सव्वाबारा मीटरांवरून पाहिल्यासारखे होते. एवढ्या अंतरावरून निरोगी डोळ्यास साडेतीन मिलिमीटरहून लहान गोष्ट वेगळी ओळखता येत नाही. प्रतिकृतीत हे माप मिलिमीटरचा दहावा हिस्सा होते. यापेक्षा बारीक तपशील गाळला तरी पाहणाऱ्याची फसगत होत नाही.

रंगाचेही तसेच आहे. दुरून पाहिलेली वस्तू मधल्या हवेमुळे किंचित फिकी दिसते, म्हणून कारखान्यात वापरतात तोच हिरवा रंग जसाच्या तसा लावला तर छोटी गाडी काळपट भासते. त्यात थोडा पांढरा अथवा पिवळसर रंग मिसळतात. थर पातळ हवेत. मिलिमीटरचा विसावा हिस्सा जाडीचा थर म्हणजे खऱ्या गाडीवर पावणेदोन मिलिमीटरचे लिंपण, आणि त्याखाली सगळे खिळे बुजून जातात. पावसाळी हवेत फवाऱ्याने रंग दिल्यास द्रव उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर ओल धरते व रंग पांढुरका पडतो. म्हणून हे काम कोरड्या दिवशी करावे.

अखेरीस धूळ व चिखल. ते कोठेही शिंपडून चालत नाही. चाकांनी उडविलेला चिखल चिखलरोधकाच्या आत व मागच्या बाजूस बसतो. चालकाचे बूट ज्या पायरीवर पडतात तेथील रंग झिजतो. धुराड्याभोवती काजळी धरते. प्रत्येक डागाला कारण असले पाहिजे. हे कारण शोधण्याची सवय ही या छंदाची सर्वांत मोठी देणगी होय.

मापे कोठून मिळवावीत ?

लष्करी कारखाने व छावण्या हे प्रतिबंधित प्रदेश आहेत. तेथे छायाचित्रे घेणे कायद्याने गुन्हा आहे. त्याची आवश्यकताही नाही. पदपथावर वा चौकात शोभेसाठी ठेवलेली वाहने, प्रजासत्ताकदिनाच्या संचलनाची प्रसिद्ध छायाचित्रे, छापील पुस्तके आणि संग्रहालये यांतून विपुल माहिती मिळते. महाराष्ट्रातील वाचकांना अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, येथील रणगाडा संग्रहालय जवळ पडेल. १९९४ साली उघडलेल्या या संग्रहालयात अनेक देशांचे रणगाडे व चिलखती गाड्या उघड्यावर मांडलेल्या आहेत, आणि सेंच्युरियन व पॅटन हे रणांगणावरील प्रतिस्पर्धी तेथे एकाच आवारात पाहता येतात. एखादे माप ठाऊक नसल्यास ज्ञात मापावरून ते काढता येते : छायाचित्रात चाकाचा व्यास ठाऊक असला तर त्रैराशिकाने हौद्याची उंची निघते. मात्र छायाचित्र अगदी समोरून, दुरून घेतलेले असावे. जवळून घेतलेल्या चित्रात जवळचा भाग मोठा दिसतो व हिशेब चुकतो.

एक आक्षेप

मुलांच्या हाती युद्धाची यंत्रे द्यावीत काय, असा प्रश्न काही पालक व शिक्षक विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि तो टाळू नये. खेळण्यातील बंदूक हाती घेऊन मुलगा शत्रूला मारल्याचे नाटक करतो, त्यात कोणाला काही होत नाही. प्रतिकृती करणाऱ्याची गोष्ट वेगळी असते. रणगाड्याच्या आत चार माणसांना किती जागा मिळते, चालकाला किती अरुंद फटीतून बाहेर पाहावे लागते, गाडी पेटल्यास बाहेर पडण्याचे दार केवढे असते, हे त्याला मिलिमीटरमध्ये ठाऊक होते. त्या दारातून दोन इंचांहून थोडा कमी उंच असा सैनिक बाहेर काढून पाहताना युद्ध सोपे असते असा भ्रम फार काळ टिकत नाही. शिक्षकांनी प्रतिकृतीबरोबर तिचा इतिहासही लिहावयास सांगावा : गाडी कोणी बनविली, कोठे वापरली, तिच्यात कोण होते, तिचे पुढे काय झाले. शेजारी निवृत्त कामगार किंवा सैनिक राहत असल्यास त्यांच्याशी बोलावे, ते सांगतील ते त्यांच्या संमतीने टिपून ठेवावे.

शाळेच्या किंवा ग्रंथालयाच्या एका कपाटात अशा दहा गाड्या, प्रत्येकीखाली मापांचा व इतिहासाचा एक कागद, एवढा संग्रह दोन-तीन वर्षांत विद्यार्थ्यांच्या हातून सहज उभा राहू शकेल. आरंभ लहानशा गाडीने करावा, एकच प्रमाण धरावे आणि पहिली गाडी पूर्ण झाल्यावाचून दुसरीस हात लावू नये. शक्तिमान ट्रक रस्त्यावरून गेले. ज्यांनी ते जोडले व चालविले, ती माणसे अद्याप काही घरांतून आहेत. त्यांना विचारून ठेवण्याचे काम मात्र लांबणीवर टाकण्याजोगे नाही.